पानात टाकू नये

भोरच्या कचेरीतून आलेल्या पत्राला विसाजीपंत मास्तरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. शाळेत दुपारी जेवताना मुलं पानात अन्न टाकतात काय, एवढंच त्यात विचारलं होतं. लढाईमुळे धान्याची टंचाई होती, म्हणून मास्तर पंगतीत छडी घेऊन फिरत. तरी 'कुणीही टाकत नाही' असं छातीठोक लिहायला त्यांचा हात धजेना.

श्रावणी सोमवारी पंगत उठता उठता लहानगी सोजरा भडाभडा ओकली. पाठोपाठ रायबा. मास्तर चुलीकडे धावले.

"बनाबाई, दुधीची भाजी चाखली होती का?"

"आवो, सोमवार न्हवं का आज? माजा उपास हाय. तुमी चाखली आसंल की!"

उपास मास्तरांचाही होता. त्यांनी पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. भाजी कडूजहर होती.

असल्या कडू दुधीनं माणसं दगावलेली त्यांनी ऐकली होती. बनाबाईंनी मिठाचं पाणी पाजून एकेकाला ओकायला लावलं.

"अरे, एवढी कडू भाजी, अन् कुणी बोललात कसं नाही?"

रायबानं आधी छडीकडे पाहिलं. "पानात टाकायचं न्हाई म्हनला व्हता, मास्तर."

ती रात्र मास्तरांनी डोळे उघडे ठेवून काढली. सकाळी सगळी पोरं शाळेत आली, अगदी सोजरासुद्धा. तेव्हा कुठे त्यांनी उत्तर लिहून टपालात दिलं:

"होय, मुले पानात टाकतात. त्यांना टाकू द्यावे, ही विनंती."