कच्ची सीताफळं
सोयगावच्या डोंगरावरच्या सीताफळांवरून सभेत सकाळपासून नुसतं भांडण चाललं होतं. बाया शेळीवाल्यांना बोल लावत होत्या, शेळीवाले व्यापाऱ्याला, आणि वनरक्षक सगळ्यांना. गोजरबाई वैतागून उठली. "दुसरा नेईल म्हणून जो तो कच्चंच तोडतो. खवल्यांमधल्या फटी रुंदावून डोळा उघडायच्या आधी तोडलेलं फळ पिकतं व्हय? काळं पडतं. मग बसा बिया चघळत. ज्याच्या घरात कच्चं सापडंल, त्याला वर्षभर डोंगर बंद." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपलाच ठराव झाला या तोऱ्यात ती जेवायला घरी आली, तर बाजरीच्या कणगीमागं टोपलंभर हिरवी सीताफळं. सून सुलेखा पुटपुटली, "सगळेच तोडत्यात, आत्याबाई. आपणच मागं का राहायचं?" गोजरबाईनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि सभेत वनरक्षकापुढं आदळलं. "लिहा, पहिलं नाव माझं. आता चला, घरोघर बघू." तेवढ्यात निम्म्या सभेला घरची कामं आठवली.