ओळखीची खूण

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड देतो. सिल्केला ते स्वतःसाठी आणि लेकीसाठी हवं होतं. सिल्के तीन महिन्यांची असताना तिला सोलापूरच्या एका अनाथाश्रमातून जर्मनीतल्या आखन शहरातल्या जोडप्याने दत्तक घेतलं होतं. पुरावा म्हणून आश्रमाने जुनी फाइल पाठवली होती, ती सगळी मराठीत. म्हणून सिल्के भाषांतरासाठी माझ्याकडे आली.

मी आधी फॉर्म भरायला घेतला. "अंगावर ओळखीची खूण?"

"काही नाही." मग म्हणाली, "हनुवटीवर एक हिरवा ठिपका होता. शाळेत मुलं चिडवायची. सतराव्या वर्षी लेझरने काढून घेतला."

मी फाइल उघडली. पहिल्या पानावर होतं ते तिला जर्मनमध्ये सांगितलं. मुलीला आश्रमात ठेवण्याआधी आईने तिच्या हनुवटीवर गोंदवून घेतलं होतं. पुढे कधी न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून.

सिल्केचा हात हनुवटीकडे गेला. "मग ती आली का कधी?"

ते शेवटच्या पानावर होतं. मी दोनदा वाचलं.

"सांग ना," सिल्के म्हणाली.

'आज मुलीची आई आली. जर्मनीहून आलेला मुलीचा अठराव्या वाढदिवसाचा फोटो दाखविला. सदर बाईने बराच वेळ हनुवटी निरखली. ही माझी नव्हे, असे म्हणून फोटो परत केला.'