बारा दिवसांचा खाडा

"आज पुढची तारीख पडली तर मी हितंच चूल मांडणार, वकीलसाहेब," मेहरुन्निसा म्हणाली. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यातली ही तिची अकरावी खेप.

एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा कंपनीचे वकील रजेवर. रजेपायी नोकरी गेली ती मात्र एकट्या मेहरुन्निसाची. अपेंडिक्सचं ऑपरेशन, बारा दिवसांची रजा. परतली तर तिच्या शिलाई मशीनवर दुसरीच बाई, आणि हातात पत्र: कामात हयगय. रजेचा अर्ज म्हणे आलाच नव्हता.

"माझ्या हातानं दिलाय की त्या मुडद्या सुपरवायझरला!" अक्षता फणकारली. "आज सांगतेच साक्षीत."

अक्षता अजून त्याच शेडमध्ये कामाला. साक्ष दिली तर तिच्याही पोटावर पाय येणार होता. तरी आली. त्या बारा दिवसांत मेहरुन्निसाच्या छोट्या मेहकला तिनंच वेणी घालून शाळेत धाडलं, अम्मीच्या आठवणीनं रडली की पोटाशी घेऊन निजवलं.

"गप गं, आत गेल्यावर तोंड सोड," मेहरुन्निसा म्हणाली.

"दवाखान्याचे कागद पक्के आहेत," तिचे वकील म्हणाले. "केस आपलीच."

पुकारा झाला आणि चक्क काम सुरू झालं. मेहरुन्निसा पिंजऱ्यात उभी राहिली. कंपनीच्या वकिलांनी हजेरीबुक पुढं सरकवलं.

"रजेवर होता म्हणता, बाई. इथं तर बाराही दिवस तुमच्या सह्या. रोज हजर, काम शून्य. सही तुमचीच ना?"

मेहरुन्निसानं वाकून पाहिलं. कुणाला उशीर झाला, की खाडा पडू नये म्हणून शेजारच्या मशीनवालीनं तिची सही ठोकायची, ही शेडमधली जुनी रीत. तिच्या शेजारचं मशीन अक्षताचं.

तिनं मागं पाहिलं. अक्षतानं तोंडावर हात दाबून धरला होता.

"तुमची नसली," वकील गोड हसले, "तर खोट्या सह्या कुणी केल्या ते पोलीस शोधतीलच."

तिचे वकील निवांत बसले होते. एका 'नाही'चं काम होतं.

मेहरुन्निसानं पदर सावरला.

"माझीच हाय की सही, साहेब. बाराही दिवस मी कामावरच हुते."