इथलंच लाकूड

साकोलीला हायवेलगतच्या आपल्या दुकानात स्वाती निळ्या लाकडाची लॉकेटं विकायची. लाकूड मेपलचं, लहरदार रेषांचं, रंग मुरवून आणि रेझिन भरून पक्कं केलेलं. ते परदेशातून पार्सलने यायचं. ती फक्त कापून, घासून चमकवायची. पण "हे इथल्याच जंगलातल्या झाडाचं, रंगही मूळचाच" असं म्हटलं की पर्यटक हटकून घ्यायचे. मग तिला तसं म्हणायची सवयच लागली.

तिचे सासरे सोमाजी जवळच्या नागझिरा अभयारण्यात गाइड होते. एका संध्याकाळी ते दुकानात बसले असताना एक बाई गळ्यातलं लॉकेट धरून आत आल्या.

"काका, असं निळं झाड जंगलात नाहीच, असं सकाळी सफारीत तुम्हीच सांगितलंत ना? मग ह्या माझ्याशी खोटं बोलल्या का?"

सोमाजींनी सुनेकडे एकदा पाहिलं.

"हाये जी असं झाड," ते म्हणाले. "माह्याच ध्यानात नाही राहिलं. म्हातारा झालो आता."

बाई समाधानाने निघून गेल्या. स्वातीला सासऱ्यांकडे बघवेना.

"मामाजी, चुकलं माहं. उद्यापासून खरं तेच सांगीन."

"सांगजो," एवढंच ते बोलले.

सकाळी सफारीचा जिप्सीवाला त्यांना न्यायला आला. सोमाजी दारातच उभे होते, पण अंगात गाइडचा खाकी शर्ट नव्हता.

"आजपासून दुसऱ्याले ने गा," ते त्याला सांगत होते. "मले आता झाडं ओळखू येत नाहीत."