‘श’ची गाठ

निजामाच्या पोलीसठाण्यातल्या अमीनसाहेबानं पत्रक टेबलावर ठेवलं आणि छापखान्याचा मालक असलेल्या वैजीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. निजामाचं राज्य सोडा, हिंदुस्थानात सामील व्हा, असं सांगणारं ते पत्रक त्यानंच परवा याच छापखान्यात छापलं होतं.

पहिली ओळ इथंच, माझ्यासमोर जुळवून छापा, असा अमीनाचा हुकूम. अक्षर पत्रकाशी जुळलं की थेट तुरुंग. पण वैजीनाथला बाजूला सारून अमीनानं ते काम छापखान्यातल्या कामकरी भागम्माला करायला लावलं. बाईला वाचता येत नाही, म्हणजे लबाडीही जमणार नाही, असा त्याचा अंदाज.

छापून झालेले अक्षरांचे शिशाचे खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या घरात, म्हणजे कप्प्यात, टाकायचे, हे भागम्माचं काम. छापखान्यात खिळ्यांच्या दोन केस, म्हणजे कप्प्यांच्या लाकडी पेट्या होत्या, एक जुनी, एक मुंबईहून आणलेली नवी. अक्षरं अशी सारखी, की खुद्द वैजीनाथला फरक कळत नसे. ‘सगळे एकच, टाक कुठंही,’ म्हणून तो तिच्यावर कितीदा तरी खेकसला होता. ती मात्र तांदूळ निवडावेत तसा एकेक खिळा निवडून ठेवायची.

पत्रक जुन्या केसमधल्या खिळ्यांनी छापलेलं होतं.

भागम्मानं ते पाठीमागून उजेडाकडं धरलं. तिकडून अक्षरं उलटी, खिळ्यावर असतात तशी दिसत होती. मग ती शांतपणे नव्या केसकडं वळली.

अमीनानं जुन्या केसकडं बोट केलं. त्यात काय आहे?

“तेच. दोन्ही एकच,” वैजीनाथ म्हणाला. इतकी वर्षं तो हेच वाक्य बिनधास्त म्हणत आला होता. अमीनानं दोन्हीकडचा एकेक खिळा उचलला, फिरवून पाहिला आणि टेबलावर टाकला.

ओळ छापून आली. भागम्मानं ‘श’वर बोट ठेवलं.

“साहेब, ही गाठ बघा. तुमच्या कागदावर आत मोकळी हाय, आमची भरलेली. ह्या शेजारच्याची शेपटी तुमची सरळ, आमची वळलेली. ह्ये आमचं न्हाई.”

अमीनानं भिंग लावून चार अक्षरं ताडून पाहिली. पत्रक सरहद्दीपलीकडून आलं असणार, असं पुटपुटत तो निघून गेला.

वैजीनाथनं दार लावून घेतलं. अमीन पुन्हा यायच्या आधी, दुपारच्या आत, जुनी केस आडात टाकायला हवी होती. टेबलावरचे ते दोन खिळे त्यानं उचलले, उजेडात धरले, बराच वेळ पाहिले. त्याला आपली लाज वाटली आणि त्या बाईचा अभिमानही.

“भागम्मा, ह्यातला जुना कोणता?”

“तुमच्या डाव्या हातातला, मालक.”

तिनं तो घेतला, पदरानं पुसला आणि जुन्या केसमध्ये, त्याच्या घरात ठेवला. मग केसला हात घातला.

“चला, धरा त्या बाजूनं.”