एगॉनचं शून्य

एगॉनने कागदावर शून्य लिहिलं तेव्हा मेरेटेला आधी आनंदच झाला.

काचेपलीकडे आठ जण आपापल्या खणात बसून चीझ चाखत होते. सहा महिने पिकलेलं. त्याचं दूध साकळवलं होतं मेरेटेने घडवलेल्या एकतिसाव्या एन्झाइमने. दूध साकळवण्यात आधीची तीसही वाकबगार होती, पण काम झाल्यावर ती गप्प बसत नसत. चीझ पिकत असताना आतल्या आत कुरतडत राहत, आणि चीझ कडू होई. एकतिसावं तिने शहाण्या पाहुण्यासारखं केलं होतं. जेवावं आणि निघावं.

कडूपणाला शून्य ते दहा गुण होते. सरासरी तीनच्या आत आली तर पुढचं काम, नाहीतर सहा वर्षांचा गाशा गुंडाळायचा, असं वरून सांगून झालं होतं. भीती होती ती एकट्या एगॉनची. व्हायले गावच्या डेअरीत त्याने जन्मभर चीझ केलं होतं आणि निवृत्तीनंतर दर मंगळवारी तो सायकल मारत इथे चाखायला येई. इतरांना दोन-तीन वाटणारं कडू त्याच्या जिभेला सात लागे. त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, की मेरेटे काचेआड डोळे मिटून घ्यायची. तीस वेळा मिटले होते.

आज तो चेहरा हलला नाही. बाकीच्यांचे एक, दोन, एक असे आकडे आले, आणि एगॉनचं शून्य.

मेरेटेने शेजारी उभ्या असलेल्या इंगरला मिठी मारली. इंगर चाखणाऱ्यांची प्रमुख. तिला मिठ्या आवडत नसत. तिने स्वतःला सोडवून घेतलं आणि एगॉनच्या कागदावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. चीझच्या आधी प्रत्येकाला पेलाभर पाणी देत. जीभ जागी आहे ना हे कळावं म्हणून त्यात मुद्दाम कडू कालवलेलं असे. सगळ्यांनी त्याला आठ-नऊ दिले होते. एगॉनने त्यालाही शून्य दिलं होतं.

इंगर म्हणाली, पाणी तिने स्वतः कालवलंय, आणि सकाळपासून ते तिच्या जिभेवरून उतरलेलं नाही.

कागद धरायचा की बाद करायचा, ते मेरेटेवर होतं. धरला असता तर सरासरी झकास येत होती, आणि इंगर तोंडातून चकार शब्द काढणारी नव्हती. मेरेटेने तो कागद हातात घेतला. मग ती एगॉनच्या खणात गेली.

तिने सर्दी झालीय का विचारलं. नव्हती झाली. काही औषध सुरू आहे का? नव्हतं. उलट एगॉन चीझचं कौतुकच करत सुटला. त्याने कशाचं कौतुक केलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

"एगॉन, ते पाणी कडू होतं रे."

"कुठलं?"

"पहिलं. ते पिऊन घोडा पळाला असता."

एगॉनने खाली पाहिलं. मग आवाज अगदी लहान करून तो सांगू लागला. तीन आठवड्यांपूर्वी, ईस्टरच्या आधी, वरची कवळी बसवली. सगळा टाळू झाकला गेला. तेव्हापासून हेरिंग मासा काय, मोहरी काय, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. कवळीवाल्याला इथे बसू देत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पण मंगळवार गेला तर आठवड्यात उरतं काय?

"मग तीन आठवडे आकडे कसे लिहिलेस?"

"समोरच्या काचेत शेजारच्या कार्लाचं तोंड दिसतं. तिचं जेवढं वाकडं होईल तेवढा आकडा. आज बाई केस मोकळे सोडून आलीय."

मेरेटेला हसू आवरेना. ते ओसरल्यावर ती म्हणाली, "काढ ती."

"इथे?"

"इथेच."

त्याने भिंतीकडे तोंड केलं, कवळी काढून बशीत ठेवली आणि वर कागदी रुमाल टाकला. इंगरने चूळ भरायला कोमट पाणी दिलं, मग ते कडू पाणी. एगॉनचा चेहरा असा काही गोळा झाला की मेरेटेला पहिल्यांदाच तो बघून बरं वाटलं. मग चीझ. चावता येत नव्हतं, म्हणून तो तुकडा जिभेने टाळूवर दाबत राहिला. सातही जण खणांवरून माना उंचावून बघत होते. मेरेटे जमिनीकडे.

"दोन," एगॉन म्हणाला.

दोन म्हणजे तीनच्या आत. पण मेरेटेला तेवढ्यावर थांबवेना. "दोन का? मघाशी तर शून्य होतं."

"ते कवळीने दिलं होतं. हे मी देतोय."

फेरचाखणीचं कारण कागदावर लिहावं लागतं. इंगरने पेन घेतलं आणि लिहिलं, 'तोंडात अडथळा होता, काढला.' एगॉनकडे न बघताच ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी अडथळा घरीच ठेवून ये."

मग ती वाट्या गोळा करू लागली. चाखलेला घास गिळायचा नाही, वाटीत थुंकायचा, हा इथला नियम. सात वाट्या तिने उचलल्या. आठवी कोरडी होती, आणि एगॉन दुसऱ्या तुकड्याकडे हात नेत होता.