वाईट बातमीचा तास

“तुमचे मिस्टर गेले. सॉरी हं,” डॉक्टर दारातूनच म्हणाला आणि मोकळा झाला.

खुर्चीतल्या बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि अशी काही रडली, की मागच्या बाकावरच्या मुलींनीही नाकं पुसली. मग तिने डोळे कोरडे केले, चष्मा लावला आणि विचारलं, “बाळा, टपाल टाकायला आला होतास का?”

वर्ग खो-खो हसला.

ती नाटकात कामं करायची. पण नाटकावर कुणाचं पोट भरलंय? पोट भरायचं ते हॉस्पिटलातल्या या तासावर. शिकाऊ डॉक्टरांसमोर कधी पेशंटची बायको व्हायचं, कधी आई, आणि वाईट बातमी माणसासारखी कशी द्यावी ते त्यांच्याकडून घोटून घ्यायचं.

“आधी त्या माणसाला गर्दीतून बाजूला ने. स्वतःचा फोन बंद कर. बस रे समोर, उभ्याउभ्या काय सांगतोस! हातात पाणी दे, सोबत कोण आहे बघ. आणि मग सरळ शब्दांत सांग. ‘गेले’ म्हणजे कुठे गेले? बाजारात?”

मुलगा मान डोलवत राहिला. अभ्यासात हुशार, पण तोंड उघडलं की गाडी सुटलीच. त्याला सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणत. तिने त्याला पुन्हा पुन्हा दाराबाहेर पाठवलं, आणि पुन्हा पुन्हा ती विधवा झाली.

तिच्या थोरल्या बहिणीला हे अजिबात खपत नसे. “शुभ बोल गं जरा! रोज उठून नवरा मारतेस. काही जनाची नाही, मनाची तरी?”

“मी मारते म्हणून कुणी मरत नाही, ताई,” धाकटी म्हणायची. “आणि खोटं रडून ठेवलं असलं, की खऱ्या वेळी पायाखाली थोडी तरी जमीन राहते.”

“बोलू द्या हो तिला,” नवरा पेपरामागून हसायचा. “माझ्या मरणावर तर आपलं घर चालतं!”

आणि एका सकाळी हाच हसरा माणूस जिना चढता चढता छातीला हात लावून खाली बसला.

त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन सुरू होतं. दोघी बहिणी बाहेर बाकावर. मोठे डॉक्टर आत जाताना म्हणाले होते, “अवघड आहे. प्रयत्न करतो.” थोरली तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती, आणि तिचं न बोलणंच धाकटीला जास्त लागत होतं. इतक्या वेळा मारलं आपण त्याला. एखाद्या वेळी कुणी खरं मानलं असलं तर? तिने रडून पाहिलं, पण डोळ्यांत टिपूस येईना. कुठली जमीन नि कुठलं काय!

दार उघडलं. बाहेर आला तो एक्सप्रेस.

तो पळत आला नाही, दारातून काही बोललाही नाही. हळू चालत जवळ आला. “मॅडम, जरा त्या खोलीत येता? ताई, तुम्हीही या.”

धाकटी उठली आणि त्याच्यामागे चालू लागली.

खोलीत त्याने फोन काढून बंद केला, दार लोटलं. दोघींना बसवलं आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसला. मग पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

“किती मायाळू पोरगा आहे गं,” थोरली पुटपुटली.

धाकटीला ओरडावंसं वाटलं. अगं, हे सगळं मीच शिकवलंय त्याला! कधी करायचं तेही मीच शिकवलंय!

“तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय, मॅडम?” त्याने विचारलं. आवाज अगदी संथ. तासाला एकदाही जमलं नव्हतं, ते आज मेल्याला नेमकं जमत होतं.

“अवघड आहे, एवढंच.”

त्याने मान हलवली आणि थांबला. हे थांबणंसुद्धा तिचंच होतं.

आणि त्या थांबण्यात एक नवल झालं. तिने पेल्यातलं पाणी सावकाश पिऊन टाकलं. खोली वेगळी होती, पण ही खुर्ची ओळखीची होती. अशाच खुर्चीत ती कितीदा मोडून पडली होती आणि कितीदा उठून घरी गेली होती. आजही उठता येईल. आज नाही, तर उद्या. तिला अखेर रडू आलं, खरंखुरं. तिने थोरलीचा हात घट्ट धरला.

“सांग,” ती म्हणाली. “सरळ शब्दांत.”

“ऑपरेशन नीट झालं, मॅडम. काका शुद्धीवर आलेत. विचारतायत, ‘ही बाहेर रडायची तालीम करतेय का?’”

थोरलीने हंबरडाच फोडला, आनंदाचा. धाकटी ताडकन उठली.

“मेल्या! मग ही खोली, हे पाणी, हा सुतकी चेहरा कशाला?”

एक्सप्रेस कावराबावरा झाला.

“मॅडम, तुम्ही फक्त वाईट बातमी शिकवलीत,” तो म्हणाला. “चांगली कशी द्यायची, ते अजून घेतलंच नाही.”